ग गाभ्याचा

लाकडाला तोंड असतं, पण बोलता येत नाही, हे एक बरं आहे. फळीच्या कापलेल्या टोकाला, जिथे झाडाची वर्तुळं उघडी पडतात, त्याला वखारीत तोंड म्हणतात. ही तोंडं बोलती असती तर पहिली तक्रार पारखीबाईंची झाली असती. एकतीस वर्षं बाई रोज आठ ते पाच फळ्यांची तोंडं बघत उभ्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांना नाक मुरडत होत्या. माणसांच्या बाबतीत हे प्रमाण बरंच जास्त होतं. माणसांपैकी बाईंना पसंत पडलेला एकच, वखारीचा म्हातारा मालक, आणि तोही मेल्यानंतर.

पारखीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आलेल्या मालाची पारख करायची, प्रत ठरवायची आणि फळीच्या टोकाशी निळ्या खडूने अक्षर लिहायचं, हे काम; त्यावरून पडलेलं नाव. पाठीमागे लोक 'नाकाडी' म्हणत, तेही बाईंना ठाऊक होतं. म्हणू देत. गाढवं काय बोलतात त्याची नोंद कोण ठेवतं?

अक्षरं तीनच होती. स म्हणजे सालीकडचं, म म्हणजे मधलं, ग म्हणजे गाभ्याचं. स बांधकामाला, म खुर्च्या-टेबलांना, आणि ग खोक्यांना. आता एवढं समजायला माणसाला काय डोंगर पोखरावा लागतो? पण त्यातल्याच एका अक्षराने बाईंच्या सख्ख्या भावाला दोन मजल्यांच्या उंचीवर टांगून ठेवलं, आणि ते अक्षर बाईंच्याच हातचं होतं. कसं, ते ऐका.

घोळ आहे गाभा या शब्दात. भाषणाचा गाभा, विषयाचा गाभा. आतलं ते खरं आणि वरचं ते टरफल, असं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. सुईसारख्या पानांच्या झाडांना हे कुणी सांगितलेलं नसतं. पाइनच्या ओंडक्यात अगदी मधोमध जे असतं ते झाडाचं पोरवय. पहिली दहा-पंधरा वर्षं झाडाला नुसती उंच व्हायची घाई. दर वर्षी एक वर्तुळ. त्यात हंगामाच्या सुरुवातीचा भाग फिकट आणि मऊ, शेवटचा गडद आणि कडक. पोरवयातल्या वर्तुळांत फिकटच फार, गडद म्हणजे नुसती रेघ. मग झाडाला हळूहळू अक्कल येते, गडद भाग वाढतो, आणि सालीकडे जावं तसं लाकूड घट्ट आणि जड होत जातं, शेवटी एका वजनाला येऊन थांबतं. गाभ्याचं लाकूड सुकताना पीळ खातं, लांबीतही आखडतं, आणि मोडायचं झालं तर चिरफाळत नाही, आवाज देत नाही, गाजरासारखं कटकन तुटतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच.

बाईंच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात एकाच झाडाचे, मध्यापासून सालीपर्यंत ओळीने कापलेले सहा ठोकळे. माप सगळ्यांचं एकच, भट्टीत पूर्ण सुकवलेले, कारण ओलं लाकूड वजनाला खोटं बोलतं. पहिला ठोकळा तेवीस ग्रॅमचा, मग पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस, आणि शेवटचे दोन बत्तीस-बत्तीस. म्हाताऱ्या मालकाचा नियम होता, वखारीत नवा माणूस आला की आधी बाईंच्या टेबलाशी यायचं, सहाही ठोकळे तळहातावर तोलायचे आणि बादलीत सोडायचे. गाभ्याचा ठोकळा निम्म्याहून जास्त पाण्याबाहेर राहून बागडायचा. सालीकडचा निम्मा बुडून गुमान बसायचा. "बघा," बाई म्हणायच्या, "ज्याच्यात काही नसतं तोच वर उड्या मारतो." असं म्हणताना त्या लाकडाकडे नाही, नव्या माणसाकडे बघायच्या.

काही झाडं त्यातही लबाड. फरच्या जातीत अगदी मधोमध लाकूड जरा जड लागतं, मग एकदम हलकं, आणि मग पुन्हा जड होत जातं. त्या झाडांबद्दल बाईंना थोडा आदर होता. फसवायलासुद्धा अक्कल लागते, आणि वखारीत तेवढीही कुणापाशी नव्हती, असं त्यांचं मत. करवतीवरचा मिस्त्री डोळे असून आंधळा. कारकून शाई वाया घालवायला जन्मलेला. माल पोचवणारा गाडीवाला फाटकात शिरतानाच तीन वेळा हॉर्न मारायचा, त्याला बाई 'ए भोंग्या' याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारत नसत. नाकाने कांदे सोलावेत तर बाईंनी.

आणि सगळ्यात शेवटच्या पायरीवर बाईंचा भाऊ. तो रंगारी होता. घरं, फाटकं, पाट्या, जे मिळेल ते रंगवायचा. आयुष्य सगळं शिडीवर. बाईंपेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला भरवलं, न्हाऊ घातलं आणि अक्षरं शिकवली ती बाईंनीच. पाटीवर ग काढायचा तर पोराचा गोल एकीकडे आणि काना शेजारच्या गावाला. बाई हातावर पट्टी मारून म्हणायच्या, "ग कुणाचा? ग गाढवाचा. गाढव कोण?" आणि ते कार्टं दात काढून म्हणायचं, "मी!" त्याला राग यायचाच नाही. पन्नाशी उलटली तरी येत नव्हता. दर रविवारी बायकोला घेऊन यायचा, दोन खोल्यांच्या त्या घरात खुर्ची ओढून बसायचा, दोन्ही हात हवेत नाचवत आठवडाभराच्या गोष्टी सांगायचा आणि बाईंची बोलणी चहाबरोबर गिळायचा. "तू म्हणजे नुसता गाभा आहेस," बाई म्हणायच्या. "मऊ. वजनच नाही तुला कुठे." तो म्हणायचा, "ताई, गोड बोलतेस हं," आणि आणखी एक बिस्किट घ्यायचा. शिकवून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

तर म्हातारा मालक गेला आणि वखार जावयाच्या हातात आली. जावई आधी गाद्या विकायचा. ज्याने जन्मभर गाद्या विकल्या त्याला 'मऊ' ही शिवी कशी वाटणार? केस तेलकट, बूट चकचकीत, आणि भुशात चालताना पाय असा उचलायचा जणू मांजर पाण्यात पडलंय. म्हातारा साठ-सत्तर वर्षांची झाडं घ्यायचा. जावयाने लागवडीतली वीस वर्षांची घ्यायला सुरुवात केली. घेर तेवढाच, वय तिसऱ्या हिश्शाचं. मोकळी जागा, भरपूर पाणी, त्यामुळे वर्तुळं बोटभर रुंद. जावई ओंडक्यावर हात फिरवून म्हणायचा, "काय तब्येत आहे बघा, मावशी!"

"तब्येत नव्हे ती. सूज आहे," बाई म्हणायच्या.

वीस वर्षांच्या झाडात पोरवय सोडलं तर उरतं काय? पूर्वी दहात एक फळी ग निघायची, आता निम्मी निघायला लागली. खोकी किती करणार? निळ्या ग च्या थप्प्या भिंतीला लागल्या. एक दिवस दुपारी बाई जेवायला बसल्या असताना जावई समोर येऊन उभा राहिला.

"मावशी, हा ग म्हणजे काय हो? जिथे बघावं तिथे ग."

"पहिली गोष्ट, मी तुमची मावशी नाही. मला बहीणच नाही, मावशी कुठून होऊ? आणि दुसरी गोष्ट, ग म्हणजे गाभा. एवढंही ठाऊक नाही आणि निघाले लाकूड विकायला!"

"गाभा?" जावयाचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "म्हणजे अगदी आतलं?"

"अगदी आतलं."

"आणि स?"

"सालीकडचं. वरवरचं."

हे 'वरवरचं' बाईंनी मुद्दाम जोडलं. समोरचा काय समजला ते त्यांना लख्ख दिसत होतं. ठोकळ्यांचा डबा हाताशी होता, बादली टेबलाखाली होती. दोन मिनिटांचं काम. हात डब्याकडे गेलासुद्धा, पण जेवणाच्या. गाढवाला गुळाची चव काय, म्हणून बाईंनी घास घेतला आणि मनात म्हटलं, जा बाबा जा. कर त्या गाभ्याच्या खुर्च्या. महिन्याभरात पाय वाकडे होतील, गिऱ्हाईक आणून तुझ्याच टेबलावर आदळेल, आणि मग मी खिडकीतून बघेन. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची एवढी हौस आहे, तर घे.

दोन महिने बाई या सुखात होत्या. आयुष्यात कधी नव्हे त्या सकाळी पावणेआठलाच येऊन बसत. ग च्या थप्प्या रस्त्यापलीकडच्या सुतारांच्या शेडमध्ये जाताना बघत आणि गालात हसत. तिथे काय बनतं हे बघायला रस्ता ओलांडायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. सुतारांना लाकूड हाताला लागलं तेव्हाच कळलं होतं, पण जावई म्हणाला की हा पारखीबाईंचा खास माल, त्यांच्या अक्षरासकट. मग कोण तोंड उघडणार? बाईंसमोर तोंड उघडलं की काय ऐकायला मिळतं हे प्रत्येकाला एकदा तरी कळलेलं होतं. सगळे चिडीचूप.

एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला जावई हातात छापील कागद नाचवत आला. "बाई, तुमचं नाव केलं बघा मी!"

कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'अस्सल गाभ्याची शिडी. आतून मजबूत. प्रत्येक शिडीवर पारखीचा ग.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शिडी?" त्या म्हणाल्या. "शिड्या केल्यात?"

"मग! तुमचं अक्षर तसंच ठेवून वर व्हार्निश मारलंय. लोकांना खूण लागते हो. सात गेल्यासुद्धा. आणि सगळ्यात लांब, बावीस पायऱ्यांची, कुणी नेली सांगा? तुमच्या भावाने! काल संध्याकाळी. आज ग्रंथालयाच्या छपराखालची पट्टी रंगवायची आहे म्हणाला."

खुर्ची नव्हे, टेबल नव्हे. शिडी. आणि तिच्यावर तो, आडदांड अंगाचा, हातात डबा, आणि बोलायला लागला की दोन्ही हात सोडणारा.

त्यांनी थप्पीतली एक ग ची पट्टी ओढली, गुडघ्यावर ठेवली आणि दाबली. कटकन तुकडे झाले. दोन्ही टोकं अशी सपाट, जणू सुरीने कापली. ती त्यांनी जावयाच्या चकचकीत बुटांवर टाकली.

"यावर माझा भाऊ चढलाय. बाकीच्या सहा कुठे गेल्या? फोन लावा. एकूण एक शिडी खाली उतरवा."

जावयाचं तोंड पांढरं पडलं. "पण तुम्हीच म्हणालात, गाभा..."

"गाभा म्हणजे खोक्यांचं लाकूड, शहाण्या! एकतीस वर्षं ग म्हणजे खोकी!"

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

त्या दिवसापर्यंत बाईंना कुणी निरुत्तर केल्याचं वखारीत कुणाला आठवत नव्हतं. उत्तर कायम जिभेवर बसलेलं असायचं, समोरच्याचा प्रश्न संपायची वाट बघत. आज जीभ टाळ्याला चिकटली. आणि तीसुद्धा गाद्या विकणाऱ्यापुढे!

त्यांनी भावाला फोन लावला. वाजतोय, वाजतोय. उचलणार कसा? एकदा फोन रंगाच्या डब्यात पडल्यापासून तो फोन कोटाच्या खिशात ठेवायचा आणि कोट खाली खिळ्याला. त्यावरूनही बाईंनी त्याला वर्षभर टोमणे मारले होते.

फाटकात गाडीवाला माल उतरवून दोर गुंडाळत होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या.

गाडीवाल्याने मागे वळून बघितलं, कुणाला बोलतायत म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"अहो, मला ग्रंथालयापाशी सोडाल का? आत्ता. माझा भाऊ पडेल हो."

बिचाऱ्याने एक प्रश्न विचारला नाही. "बसा," म्हणाला. भुशाने भरलेल्या त्या सीटवर बाई बसल्या, आणि गाडी टायरवाल्याच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीवरून, बसथांब्यावरच्या रांगेसमोरून सुटली. चौकात समोरच्या गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. गाडीवाल्याचा हात सवयीने हॉर्नकडे गेला आणि बाईंकडे बघून अडखळला.

"वाजवा," बाई म्हणाल्या. "वाजवा हो! अजून जोरात वाजवा!"

ग्रंथालय दोन मजली. छपराखाली लाकडी पट्टी, तिच्यावर निम्म्यापर्यंत फिका पिवळा रंग लागलेला, आणि जिथे रंग संपला तिथे भाऊ. वरून तिसऱ्या पायरीवर उभा, डाव्या हातात डबा, उजव्यात ब्रश, आणि गळ्यात कसलं तरी गाणं. म्हणजे शिडी धरायला हात उरला कुठे? बाईंनी शिडी पाहिली. पारखी नजर ती. एका दृष्टिक्षेपात सगळं दिसलं. उजवा दांडा मध्यावर पोटासारखा बाहेर आलेला. पायऱ्या पीळ खाऊन एका बाजूला कललेल्या. आणि पायथ्याशी, व्हार्निशखाली चकाकणारा, निळा, वळणदार, त्यांच्या हातचा ग.

बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'ए गाढवा' म्हणून ओरडलं तर काय होईल ते त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तो पुरता वळेल, दोन्ही हात पसरेल आणि वरूनच म्हणेल, 'ये ये ताई!' म्हणजे कारभार आटोपला. गोड बोलायला हवं होतं. आता आली पंचाईत. गोड कसं बोलतात?

त्यांनी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले, आवाज खाली आणला. "अरे राजा," त्या म्हणाल्या, "जरा हळूच खाली येतोस का?"

गाणं थांबलं. ब्रश हवेत थांबला.

"ताई?" वरून आवाज आला, कापरा. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं रे."

"मग तू अशी का बोलतेस? हिला काही झालं का? खरं सांग!"

"तुझी बायको ठणठणीत आहे. तू ऐक माझं. डबा सोड, खाली पडू दे. ब्रश पण. दोन्ही हातांनी धर. हं, शहाणा माझा. आता पायरीच्या मधोमध पाय ठेवू नकोस, अगदी कडेला ठेव, दांड्याला चिकटून. एकेक करून ये. बोलू नकोस. नंतर बोल, हवं तेवढं बोल, मी ऐकेन."

डबा धप्पकन फूटपाथवर पडला आणि बाईंच्या कोटावर पिवळा शिडकावा उडाला. भाऊ उतरायला लागला. घाबरलेला होता, शिडीला नव्हे, बहिणीच्या गोड आवाजाला. एकोणीस. अठरा. बाई मोजत होत्या. हाताखाली दांडा थरथरताना लागत होता. लाकूड कुरकुरत असतं तर बरं वाटलं असतं, निदान इशारा तरी मिळतो. हे हरामखोर लाकूड गप्प होतं. बारा. अकरा. गाडीवाला पलीकडून येऊन दुसऱ्या बाजूने शिडीला खांदा लावून उभा राहिला. आठ. सात.

सहाव्या पायरीवर पोचल्यावर भावाला राहवलं नाही. "ताई, पण झालंय काय?" म्हणून त्याने खाली वळून बघितलं, आणि पाय मधोमध पडला.

कटकन. गाजरासारखं.

पाचवीनेही दम धरला नाही. तो सरळ खाली आला, बाईंच्या अंगावर, आणि दोघं पिवळ्या थारोळ्यात आडवी झाली. बाईंचा चष्मा कुठे गेला कुणास ठाऊक. भावाचा घोटा वाकू नये तिकडे वाकला होता. त्याने एक बोंब ठोकली, मग बहिणीचं पिवळं तोंड बघितलं आणि त्या दुखण्यातही हसायला लागला. गाडीवाला गाडी मागे लावायला पळाला.

बाई रस्त्यातच बसून राहिल्या. त्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, शेवटचं घेतलं त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. सहा पायऱ्या. बाविसातल्या वरच्या कुठल्याही पायरीने हेच केलं असतं, तर या मांडीवर काय असतं?

"तुझी जुनी शिडी कुठे मेली?" त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा मूळपदावर यायला बघत होता. "चांगली होती ती. नवीन घ्यायचे डोहाळे कुणी सांगितले होते?"

"अगं, घेणारच नव्हतो," भाऊ दातओठ खात म्हणाला. "बाजारातल्या तुमच्या वखारीच्या दुकानावरून चाललो होतो. बाहेर शिड्या लावलेल्या, आणि त्यावर तुझा ग. तुझा ग मी अंधारातसुद्धा ओळखीन, त्याच्यावरून किती पट्ट्या खाल्ल्यात! म्हटलं, आपली ताई जगात कुणाला म्हणून चांगलं म्हणत नाही. आता तिने ज्याच्यावर आपल्या हाताने अक्षर घातलंय, ती शिडी केवढी पक्की असेल! सगळ्यांना सांगितलंसुद्धा मी, माझ्या बहिणीची शिडी म्हणून."

मोडलेली पायरी शेजारीच पडली होती. तिच्या तोंडावर बोटभर रुंदीची वर्तुळं होती, फिकट, आणि मधोमध पेन्सिलीच्या शिशाएवढा तपकिरी ठिपका. गाभा.

"पण ताई," भाऊ म्हणाला, "हा ग म्हणजे काय गं?"

गाडी मागे येत होती, हॉर्न वाजवत. बाईंनी कोटाच्या बाहीने त्याच्या कपाळावरचा रंग पुसला. पुसला कसला, आणखी फासला.

"ग गाढवाचा," त्या म्हणाल्या.

तो हसला, कण्हला आणि पुन्हा हसला. "म्हणजे अजून माझाच!"

"नाही रे," पारखीबाई म्हणाल्या. "माझा."